अध्यक्षांच्या खुर्चीत अंडी

वाचनालयाच्या अध्यक्षांची खुर्ची मी तळ्यात पाडली, ही गोष्ट आमच्या घरात निरनिराळ्या तऱ्हेने सांगितली जाते. बायको सांगते तेव्हा मी खुर्ची 'भिरकावलेली' असते. शेजारी सांगतात तेव्हा मी स्वतः त्या खुर्चीत बसून पाण्यात गेलेला असतो. खरं घडलं ते एवढंच, की सासूबाईंनी खुर्ची नव्याने विणून परसात वाळत ठेवली होती, सावली सरकत तिच्यावर आली, आणि मला नेमकं त्याच वेळी जावयाचं कर्तव्य आठवलं. खुर्ची उन्हात न्यावी म्हणून मी ती उलटी करून डोक्यावर घेतली. खुर्ची डोक्यावर घेतली की पुढचं दिसत नाही हे मला घेतल्यावर कळलं. तळं जिथे होतं तिथेच होतं. पाय घसरला, खुर्ची पुढे गेली आणि मी काठावर आडवा झालो.

मी विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासतो. 'सदर नुकसान केवळ निष्काळजीपणामुळे झाले आहे' हे वाक्य मी लोकांच्या अर्जांवर वर्षानुवर्षं लिहीत आलोय. त्या दिवशी ते मला पहिल्यांदाच खालून वर वाचायला मिळालं.

आवाज ऐकून सासूबाई बाहेर आल्या. त्यांच्या गळ्यात नेहमीप्रमाणे वेताच्या ओल्या पट्ट्यांचा वेढा होता.

"कुठं लागलं?"

"खुर्ची ठीक दिसतेय," मी पडल्या पडल्या म्हणालो.

"ती माझ्या हातची आहे, तिला काय होतंय. तुम्ही तुमच्या आईच्या हातचे, म्हणून विचारते."

खुर्ची खरंच ठीक होती. पलीकडच्या कोपऱ्यातल्या लव्हाळ्यात ती चिखलात पाय रोवून अशी सरळ उभी राहिली होती, की आता सभा सुरू करायला हरकत नाही. पाणी बैठकीच्या जेमतेम खाली. माझा घोटा मात्र पुरीसारखा फुगला. सासूबाई म्हणाल्या, सभेला अजून महिना आहे आणि वेताला पाणी काही नवं नाही, दोन दिवसांनी काढू. आधी हा घोटा बघू.

या दोन दिवसांत सगळा घोळ झाला.

घोळाआधी सासूबाईंबद्दल सांगायला हवं. खुर्च्यांना वेत विणण्याचं काम त्या माहेराहून घेऊन आल्या. लाकडाच्या चौकटीला कडेने भोकं असतात, त्यांतून पट्टी उभी न्यायची, आडवी न्यायची, मग दोन्ही बाजूंनी तिरकी न्यायची, आणि प्रत्येक वेळी खाली-वर, खाली-वर. शेवटी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी तयार होते आणि तिच्यावर तीन पिढ्या बसतात. कोरडा वेत मोडतो, म्हणून तो आधी भिजवावा लागतो. परसातलं तळं माझ्या सासऱ्यांनी खणलं ते कमळांसाठी. ते चित्रकलेचे मास्तर होते, त्यांना कमळं काढायची होती. सासूबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात तळ्यात वेताच्या मोळ्या बुडवल्या. सासऱ्यांनी पुढे आयुष्यभर वेताच्या मोळ्यांची चित्रं काढली. त्यातलं एक अजून आमच्या बैठकीत आहे, आणि येणारा प्रत्येक पाहुणा त्याला 'सूर्यास्त का?' असं विचारतो.

सासूबाई विणायला एका बुटक्या स्टुलावर बसत. जेवायला त्याच स्टुलावर, दाणे निवडायला त्याच स्टुलावर. एवढ्या खुर्च्या हाताखालून गेल्या, पण त्यांना खुर्चीत बसलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. दवाखान्यातही त्या उभ्या राहत. 'बसा ना' म्हटलं तर 'बसून काय करू' म्हणत. मी त्याला स्वभाव समजत होतो. जावयाने सासरच्या गोष्टींना स्वभाव म्हणून सोडून द्यावं, प्रकृती बरी राहते.

गावातल्या खुर्च्या एकेक करून प्लास्टिकच्या, फोमच्या, लोखंडी होत गेल्या. उरलं ते वाचनालय. तिथल्या सभागृहात चाळीस वेताच्या खुर्च्या आणि एक अध्यक्षांची, उंच पाठीची, हातांची. कुठली ना कुठली खुर्ची सैल पडलेली असायचीच, ती सासूबाईंकडे यायची, जायची, दुसरी यायची. सासूबाईंचे हात चालू राहिले ते या चाळीस खुर्च्यांवर. वाचनालयाचे सेक्रेटरी मात्र बरेच दिवस म्हणत होते, की कुठवर हा विणकामाचा खेळ, आता पुसता येतील अशा खुर्च्या घेऊ. ते वार्षिक सभेत ठराव आणणार अशी कुणकुण होती. म्हणून सासूबाईंनी अध्यक्षांची खुर्ची यंदा जीव ओतून विणली होती. सभेत सगळ्यांनी ती बघावी आणि ठरावाला हात वर करताना थोडी लाज वाटावी, एवढाच त्यांचा डाव होता. आणि तो डाव मी तळ्यात पाडला होता.

तिसऱ्या दिवशी सासूबाई पदर खोचून पाण्यात उतरल्या. मी पट्टी बांधलेला पाय पसरून काठावर, बायको माझ्यावर लक्ष ठेवून. सासूबाई खुर्चीपाशी पोचल्या, हात पुढे केला आणि थांबल्या.

"कुणीतरी बसलंय," त्या म्हणाल्या.

बैठकीवर लव्हाळ्याच्या काड्यांचा ढीग होता आणि ढिगावर एक काळपट पाणपक्षी. कपाळावर लाल टिळ्यासारखी ढाल, लाल चोच, चोचीचं टोक पिवळं. पाणकोंबडी. एरवी ही जात माणूस दिसताच लव्हाळ्यात नाहीशी होते. आमच्या तळ्यावर ती वर्षानुवर्षं येत असेलही, पण आम्ही तिची फक्त जाणारी शेपटी पाहिलेली. ही जागची हलली नाही. मान वर करून तिने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. दोघींच्या चेहऱ्यांवर 'आपलं काय काम?' हा एकच भाव होता.

"हुश् करा," मी काठावरून सल्ला दिला.

"तुम्ही गप्प बसा. तुमच्या मदतीने काय होतं ते सगळ्यांनी बघितलंय."

सासूबाई खुर्चीचा हात धरायला वाकल्या, तशी गळ्यातल्या वेढ्यातली एक पट्टी पुढे लोंबली. पाणकोंबडी उठली, मान लांब केली आणि तिने पट्टीचं टोक चोचीत धरलं. मग ओढलं. सासूबाईंनी सवयीने दुसरं टोक घट्ट पकडलं, कारण त्यांच्या हातून पट्टी अशी सहज जात नाही. दोघी ओढू लागल्या. कोंबडी पाय रोवून मागे रेलली, तिचे ते लांबलचक बोटांचे हिरवट पाय नव्या जाळीत घट्ट रुतलेले. जाळी तसूभर हलली नाही. मी एरवी कुठल्याही भांडणात मध्यस्थी करतो, पण इथे कुणाची बाजू घ्यावी ते कळेना.

शेवटी सासूबाईंनी हात सोडला. कोंबडीने पट्टी आत ओढली, एका काडीखालून घातली, दुसरीच्या वरून काढली आणि तिच्यावर बसली. बसण्याआधी ती क्षणभर बाजूला झाली, तेव्हा खालची अंडी दिसली. फिकी, तपकिरी ठिपक्यांची, दोन.

सासूबाई रिकाम्या हाताने परत आल्या.

"ताण बरा देते," एवढंच म्हणाल्या.

"आई, खुर्ची?" बायकोने विचारलं.

"बसलीय ती."

"अगं, पण सभा?"

"सभा काय, उभ्यानेही होते."

त्या दिवसापासून तळ्यात मोळ्या भिजवणं बंद झालं. वेत न्हाणीघरातल्या टबात भिजू लागला आणि मी ऑफिसला बिनआंघोळीचा जाऊ लागलो. सासूबाई विणकामातले उरलेले तुकडे काठावर ठेवत, कोंबडी नाहीतर तिचा नवरा येऊन ते घेऊन जाई. नवराही आलटून पालटून अंड्यांवर बसायचा. बायको हे मला जरा जास्तच वेळा दाखवायची.

मी जरा वाचन करून एक मध्यम मार्ग काढला. प्लास्टिकचं मोठं घमेलं आणायचं, घरटं अलगद उचलून त्यात ठेवायचं आणि खुर्ची काढून घ्यायची. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्ही झोपलेले असताना तुम्हाला उचलून घमेल्यात ठेवलं तर?"

"मी जागा होईन."

"मग ती तर जागीच आहे," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा खाली-वर, खाली-वर.

सभा जवळ आली तसे सेक्रेटरी स्वतः आले. कडक इस्त्रीचे, कपाळावर कायम एक विषयपत्रिका. आल्या आल्या त्यांनी चहा नको म्हटलं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"बाई, खुर्ची."

सासूबाईंनी स्टुलावरून न उठता तळ्याकडे टोच्या दाखवला. टोच्या म्हणजे भोकं साफ करायची टोकदार सळई. त्यांच्या बोलण्यातले निम्मे हातवारे तीच करते.

सेक्रेटरींनी पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "तिथे काय करतेय ती?"

"जावयांनी नेऊन ठेवली," सासूबाई म्हणाल्या. मी नुकतंच काहीतरी महत्त्वाचं आठवल्यासारखा चेहरा केला.

"आणि ते वर काय आहे?"

"बाळंतीण आहे."

"बाई, ही चेष्टा नाही. अध्यक्षांची खुर्ची आहे ती."

"होती. आत्ता तिची आहे. पिल्लं निघाली की तुमची."

"सभा तोपर्यंत थांबायची का? एका पाखरासाठी?"

"सभा घ्या की. सभेला माणसं लागतात, खुर्ची एक कमी असली तर चालतं."

सेक्रेटरींचा आवाज खाली आला. खाली आला की तो जास्त टोचायचा. "बाई, स्पष्टच बोलतो. ठराव माझ्या हातात आहे. खुर्ची वेळेवर आली, तर मी म्हणू शकतो, की राहू द्या जुन्या, बाई चांगलं काम करतात. नाही आली, तर चाळीसच्या चाळीस प्लास्टिकच्या येतील. पुसल्या की झालं."

 मी बायकोकडे पाहिलं, बायकोने आईकडे. सासूबाईंनी हातातली पट्टी शेवटपर्यंत ओढून घेतली, भोकात खुंटी ठोकली आणि मगच वर पाहिलं.

"घ्या. सभासदही तसलेच घ्या, पुसले की झालं."

यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता, म्हणून सेक्रेटरींनी कृती केली. बूट काढले, एका बुटात दुसऱ्या पायाचा मोजा ठेवला, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते तळ्यात उतरले. सासूबाई बसल्याच होत्या. "अडवा ना," मी कुजबुजलो. "मी कशाला? तिची जागा, तीच बघेल." सेक्रेटरींनी खुर्चीच्या पाठीला हात लावला मात्र, कोंबडी पंख फुगवून दुप्पट झाली आणि तिने त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी अशी चोच मारली की सेक्रेटरींच्या तोंडून विषयपत्रिकेत नसलेला शब्द गेला. त्यांनी दुसरा हात पुढे केला. दुसऱ्या हातालाही तेवढाच प्रसाद मिळाला, कुठे डावं-उजवं नाही. सेक्रेटरी मागे सरले, चिखलात बसले आणि उठले ते कमरेखाली वेगळ्याच रंगाचे होऊन. बूट हातात घेऊन ते फाटकापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "लक्षात ठेवेन मी."

"मीसुद्धा ठेवलंय," सासूबाई म्हणाल्या.

काय लक्षात ठेवलंय, ते मला दुपारी कपडे वाळत घालताना बायकोने सांगितलं. वाचनालयाचं सभागृह नवं झालं तेव्हाची गोष्ट. चाळीस खुर्च्या आणि अध्यक्षांची एक, सगळ्या सासूबाईंनी एकटीने विणल्या होत्या. शेवटची तर तिथेच, सभागृहात, उद्घाटनाच्या सकाळी. खुंट्या काढून झाल्या, पाठ भरून आली होती, म्हणून त्या त्याच खुर्चीत जरा टेकल्या. हेच सेक्रेटरी तेव्हा तरुण होते, नवीनच पदावर आलेले. हातात हारांची टोपली घेऊन जाता जाता ते म्हणाले, "बाई, उठा. पाहुणे यायचेत." ओरडले नाहीत, रागावले नाहीत. टेबलावरचं फडकं उचलावं तसं म्हणाले. त्या उठल्या. समारंभभर दाराशी उभ्या राहिल्या. भाषणात लाकडाचे आभार मानले गेले, वेताचे नाही.

"तेव्हापासून आई खुर्चीत बसत नाही," बायको म्हणाली, आणि माझ्याच शर्टाला चिमटा लावायची विसरली.

सभेच्या दिवशी सासूबाईंनी मला हाक मारली. त्यांचं बुटकं स्टूल धुऊन पुसून तयार होतं.

"हे घेऊन जा. म्हणावं, बाईंनी अध्यक्षांसाठी बैठक पाठवलीय. रिकाम्या हाताने कुणाला ठेवायची आमची रीत नाही."

"सासूबाई, हे जरा चिडवल्यासारखं होईल."

"जरा? मग कमी पडलं."

मी स्टूल नेलं. यावेळी डोक्यावर नाही, पोटाशी धरून. सेक्रेटरींच्या अंगठ्याला पट्टी होती. त्यांनी स्टुलाकडे पाहिलं आणि ते एखाद्या खोलीत कोंडणारच होते, एवढ्यात अध्यक्ष आले. आमचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त दंतवैद्य, अतिशय सज्जन आणि कानाने थोडे कमी. 'हे तुमच्यासाठी पाठवलंय' एवढंच त्यांना ऐकू गेलं. ते आभार मानून स्टुलावर बसले आणि टेबलामागे दिसेनासे झाले. दिसत होतं ते टक्कल आणि पाण्याचा पेला. मागच्या रांगेतून कुणीतरी दोनदा विचारलं, "अध्यक्ष आलेत का?" दोन्ही वेळा टेबलाच्या कडेवर एक हात उगवला. भाषणं भराभर संपली. खाली बसलेल्या माणसाला उद्देशून फार वेळ बोलता येत नाही.

हे सगळं झालं, तरी ठराव मंजूर झाला. हसता हसता लोकांनी हात वर केले. मी हात वर केला नाही, पण मी सभासद नव्हतो, त्यामुळे त्याचा उपयोगही नव्हता.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. सासूबाई ऐकत होत्या. स्टूल नव्हतं, म्हणून उंबऱ्यावर बसल्या होत्या.

"बरं," त्या म्हणाल्या. मग माझ्या हातांकडे बघून, "स्टूल आणलंत ना परत?"

विसरलो होतो. पुन्हा जाऊन आणलं.

त्यानंतर काही दिवसांनी पिल्लं निघाली. काळ्या लोकरीचे गोळे, डोकी लालसर आणि जरा टकली. आमच्या अध्यक्षांची आठवण झाली, पण मी बोललो नाही. एकेक गोळा खुर्चीच्या कडेवरून टुपकन पाण्यात पडला. मीही त्याच पाण्याच्या काठावर पडलो होतो, पण त्यांच्या पडण्यात सफाई होती. कोंबडी सगळ्यांना घेऊन लव्हाळ्यात शिरली आणि तिने मागे वळूनही पाहिलं नाही. सासूबाईंनीही डोळ्यांना पदर वगैरे लावला नाही. त्या पदर खोचून पाण्यात उतरल्या आणि त्यांनी खुर्ची ओढून काढली.

वेत काळा पडला होता, सांधे फुगले होते. मला वाटलं, आता ती तशीच परत करतील, हिशेब चुकता. पण त्यांनी जुनी जाळी कापून काढली, सुताराकडून सांधे बसवून घेतले आणि पुन्हा पहिल्यापासून विणायला घेतलं. इतकं घट्ट, इतकं बारीक काम मी त्यांच्या हातून आधी पाहिलं नव्हतं. बायको म्हणाली, "आई, आता कुणासाठी? ते तर प्लास्टिक आणून बसलेत."

"दुरुस्तीला घेतलेली वस्तू आहे. दुरुस्त करून देणार. त्यांनी ती जाळावी."

खुर्ची पोचवायला मी बरोबर गेलो. उचलायला नाही, उचलायला गाडीवाला होता. मला फक्त दारं उघडण्याचं काम दिलं होतं. सभागृहात चाळीस पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या दवाखान्यासारख्या ओळीने उभ्या होत्या. वेताच्या खुर्च्या मागच्या व्हरांड्यात एकीवर एक रचलेल्या. सासूबाईंनी तिकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही. गाडीवाल्याने अध्यक्षांची खुर्ची टेबलामागे मांडली. सासूबाईंनी तिच्या हातांवरून हात फिरवला, पाठीवर टिचकी मारली, पदर सावरला.

आणि बसल्या.

पाठ टेकून, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, पाय जमिनीवर सपाट. मी समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत टेकलो आणि त्यांना पहिल्यांदाच समोरून, माझ्याएवढ्या उंचीवर बसलेलं पाहिलं. त्या बऱ्याच उंच आहेत.

सेक्रेटरी फायली घेऊन आत आले. त्यांचा अंगठा बरा झाला होता. त्यांनी खुर्ची पाहिली, बाई पाहिल्या, घड्याळ पाहिलं.

"बाई, उठा. पाहुणे यायचेत."

मला वाटतं, त्यांना आठवतही नव्हतं, हेच वाक्य त्यांनी आधी म्हटलं होतं म्हणून. त्यांच्या तोंडून ते आपोआप यायचं. सासूबाईंनी त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं. ही मान मी लव्हाळ्यात पाहिली होती.

"काम तपासतेय," त्या म्हणाल्या. "वेळ लागतो."

पाहुणे आले. कुणी लेखक होते की अधिकारी, आता आठवत नाही. सेक्रेटरींनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. तिचा एक पाय जमिनीला लागत नव्हता, त्यामुळे पाहुणे सारखे होकार दिल्यासारखे हलत राहिले. अध्यक्ष आले, त्यांनी सासूबाईंना हसून नमस्कार केला आणि स्वतःच शेजारी एक खुर्ची ओढून घेतली. सासूबाई बसून राहिल्या. पाहुण्यांचं भाषण झालं, टाळ्या झाल्या, चहा आला. चहाचा कप त्यांनी बसूनच घेतला, बशीत ओतून, सावकाश प्यायला. मगच उठल्या.

आम्ही परत निघालो. फाटकाशी आलो तेव्हा लव्हाळ्यातून एक लाल चोच बाहेर आली आणि आम्हाला बघून आत गेली. माझ्याच्याने राहवेना.

"सासूबाई, एक विचारू? आज नाही उठलात, ते ठीक. पण त्या दिवशी, उद्घाटनाला, का उठलात?"

त्यांनी फाटकाची कडी काढली.

"तेव्हा मला टोचायला येत नव्हतं."